गायरान जमिनीवरील सौर ऊर्जा प्रकल्प

गायरान जमिनीवरील सौर ऊर्जा प्रकल्प हा महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात २०२३ नंतर ठळकपणे पुढे आलेला भूमिविषयक प्रश्न आहे. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी यासाठी राज्य शासनाने ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ हाती घेतली. तिच्यासाठी वीज उपकेंद्रांच्या परिसरातील शासकीय व खासगी जमिनी निवडण्यात आल्या. शासकीय जमिनींपैकी अनेक जमिनी गावांच्या गायरानातील असल्याने राज्यभर ठिकठिकाणच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, निवेदने दिली, काही गावांत मोजणीही अडवली गेली. सूर्यप्रकाशापासून वीज तयार करण्यास या गावांचा आक्षेप सहसा नसतो. वीज कोणत्या जमिनीवर तयार करायची आणि ती जमीन ‘मोकळी’ आहे हे कोणी ठरवायचे, हा वादाचा गाभा आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात सुमारे ४५ लाख कृषिपंप वीजग्राहक आहेत. त्यांना तीन फेजची वीज चक्राकार पद्धतीने मिळत आली आहे: आठवड्यातील काही दिवस दिवसा आणि उरलेले दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत दारे धरण्यासाठी शेतात जाणे म्हणजे थंडी, विंचूकाटा, साप आणि अलीकडे ऊसपट्ट्यात बिबट्या यांना सामोरे जाणे होय. दिवसा वीज द्या, ही शेतकऱ्यांची मागणी म्हणूनच जुनी आणि न्याय्य आहे.

तिला उत्तर म्हणून १४ जून २०१७ रोजी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर झाली. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथे तिचे प्रायोगिक प्रकल्प उभे राहिले. योजनेची पहिली काही वर्षे मंद गतीने गेली. मे २०२३ मध्ये ‘२.०’ या सुधारित रूपात ती नव्याने आली. २०२५ अखेरपर्यंत किमान ३० टक्के कृषी वाहिन्या सौर विजेवर आणण्याचे उद्दिष्ट आरंभी ठेवण्यात आले होते. पुढे ते वाढवून सुमारे १६,००० मेगावॅटपर्यंत नेण्यात आले. योजनेच्या अंमलबजावणीसाठी ‘एमएसईबी सोलर ॲग्रो पॉवर लिमिटेड’ ही शासकीय कंपनी स्थापन झाली. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव (ता. वैजापूर) येथील ३ मेगावॅटचा प्रकल्प प्रथम कार्यान्वित झाला. तो धरून एकूण १९ मेगावॅटच्या पाच प्रकल्पांचे लोकार्पण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथील कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले.

योजनेची तांत्रिक रचना समजल्याशिवाय जमिनीचा आग्रह समजत नाही. गावठाणाची वीज आणि शेतीची वीज वेगवेगळ्या वाहिन्यांवरून जाते. शेतीच्या ११ किलोव्होल्ट वाहिनीला जेवढी वीज लागते तेवढी त्याच उपकेंद्राजवळ दिवसा निर्माण केली, तर दूरवरून वीज आणण्याचा खर्च व गळती वाचते. त्यामुळे प्रकल्प उपकेंद्रापासून साधारणपणे ५ ते १० किलोमीटरच्या आतच हवा असतो. एक मेगावॅटला ४ ते ५ एकर जमीन लागते. पाच मेगावॅटला वीस-पंचवीस एकर सलग, सपाट, सावली नसलेला तुकडा पाहिजे. बागायती पट्ट्यात असा तुकडा कोणी देत नाही, वनजमिनीला केंद्राच्या १९८० च्या वनसंवर्धन कायद्याचे कुंपण आहे. मग नकाशावर बोट जाऊन थांबते ते गायरानावर.

‘गायरान’ आणि ‘पडीक’

गायरान म्हणजे गावाच्या गुरांच्या चराईसाठी राखून ठेवलेली सामाईक जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये जिल्हाधिकारी अशी जमीन राखून ठेवतात. मालकी शासनाची, देखभाल ग्रामपंचायतीची आणि उपभोग गावाचा, अशी ही तिहेरी व्यवस्था आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर मात्र उपभोग घेणाऱ्याचे नाव कोठेच नसते. मेंढपाळ, शेळीवाली विधवा, सरपण गोळा करणारी मजूर स्त्री यांचा हक्क वहिवाटीतच राहतो. तो कागदावर येत नाही. जमीन हस्तांतरित होते तेव्हा मोबदल्याच्या यादीत ही माणसे सापडत नाहीत, याचे मूळ येथे आहे.

‘पडीक’ हा शब्दही तपासून घेण्यासारखा आहे. ज्या जमिनीवर शेतसारा बसत नाही ती निरुपयोगी, ही ब्रिटिश महसूल व्यवस्थेची दृष्टी होती. स्वातंत्र्यानंतरही सरकारी पडीक जमिनींच्या नोंदींत व नकाशांत गवताळ माळ ‘वेस्टलँड’ याच सदरात राहिले. वास्तविक पवना, मारवेल, कुसळी अशा गवतांचा माळ ही कमी पावसाच्या प्रदेशातील स्वयंपूर्ण निसर्गव्यवस्था आहे. तेथे झाड नाही म्हणून तिला उजाड म्हणणे हे समुद्रात झाड नाही म्हणून त्याला उजाड म्हणण्यासारखेच होय.

गायरानावर दुसराही एक जुना हक्क सांगितला जातो. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. त्यानंतर विशेषतः मराठवाड्यात दलित व भटक्या समाजातील अनेक कुटुंबांनी गायरानाचे तुकडे कसण्यास घेतले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी काही अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला. परंतु अनेकांचे दाखले अपुरे राहिले. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा राज्यात अशी सुमारे २ लाख २२ हजार अतिक्रमणे असल्याचे समोर आले. सौर प्रकल्पाची मोजणी सुरू होते तेव्हा चराईवाले आणि कसणारे हे दोन्ही गट एकाच वेळी धास्तावतात. कधी कधी ते एकमेकांच्या विरोधातही उभे राहतात.

बारामती व इंदापूर तालुके

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाकडील या दोन तालुक्यांत प्रश्नाचे स्वरूप नेमके दिसते, कारण एकाच तालुक्यात दोन प्रदेश नांदतात. नीरा नदी आणि ब्रिटिशकालीन नीरा डावा कालवा यांच्या दरम्यानचा पट्टा उसाचा. वालचंदनगर आणि भवानीनगर ही साखर कारखान्यांनी घडविलेली गावे याच बाजूची. कालव्याच्या वरच्या अंगाला मात्र सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडी असा जिराईत माळ पसरला आहे. हा पर्जन्यछायेचा प्रदेश असल्याने तेथे ऊन मुबलक आणि पाऊस बेभरवशाचा. बारामती–इंदापूर मार्गावरील अंथुर्णे हे गाव या दोन प्रदेशांच्या सीमेलगत आहे. रस्त्याच्या एका अंगाला बागायत आणि दुसऱ्या अंगाला थोड्याच अंतरावर कडबनवाडीचा गवताळ माळ, असे चित्र येथून प्रवास करणाऱ्यास सहज दिसते. या भागातील बरीच जमीन साखर कारखान्यांकडून कमाल जमीन धारणा कायद्यानुसार शासनाकडे आली आणि १९६३ साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेली. खंडकरी शेतकऱ्यांना आपल्या जमिनी परत मिळविण्यासाठी दीर्घ लढा द्यावा लागला. ‘सार्वजनिक हितासाठी’ जमीन जाणे म्हणजे काय, हे येथील जुन्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

मोठा सौर प्रकल्पही या भागाला नवा नाही. बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे महानिर्मितीचा ५० मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प सौर कृषी वाहिनी योजनेच्या आधीपासून उभा आहे. त्याच शिर्सुफळच्या आणि कडबनवाडीच्या माळांवर पुणे वन विभागाने २०२४ मध्ये गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. चिंकारा, लांडगा, तरस, खोकड आणि हिवाळ्यात येणारे भोवत्या ससाणे पाहण्यास तेथे आता शहरातून पर्यटक येतात. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्यही चिंकाऱ्यासाठीच राखलेले आहे. राखीव वन कोठे संपते आणि गायरान कोठे सुरू होते, हे महसुली नकाशाला ठाऊक असते, लांडग्याला नव्हे. वनक्षेत्राला लागून असलेले गायरान तारेने बंद झाले, तर वनक्षेत्र कागदावर अबाधित राहूनही आकसते, असे निसर्ग अभ्यासकांचे म्हणणे आहे.

या माळांचा सर्वांत जुना उपभोक्ता धनगर समाज आहे. आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीभोवती काटेवाडी येथे मेंढ्यांचे रिंगण होते, ते याच प्रदेशात. मेंढपाळांचे वर्ष ठरलेले असते. दसरा-दिवाळीनंतर वाडे पश्चिमेकडे, काही तर कोकणापर्यंत उतरतात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य वा पैसे देतात. पावसाळ्याच्या तोंडाला कळप गावी परततो. तेव्हा सर्व शेते पेरलेली असतात, बांधावर पाऊल ठेवण्याची सोय नसते आणि चराईसाठी माळ व गायरान एवढाच आधार उरतो. जमिनीची पाहणी मात्र बहुधा उन्हाळ्यात होते. मे महिन्याच्या पंचनाम्यात जी जमीन ‘खडकाळ, वापरात नसलेली’ अशी नोंदली जाते, तीच आषाढ ते भाद्रपद शेकडो मेंढ्यांना पोसत असते. पाहणीची तारीख बदलली तर अहवालही बदलेल.

शेजाऱ्यांच्या हरकती

चराईखालोखाल सर्वाधिक तक्रार रस्त्याची असते. गायरानातून जाणारी पायवाट, पाणंद किंवा बैलगाडीची वाट नकाशात नसते. प्रकल्पाला तारेचे कुंपण पडले की पलीकडच्या शेतकऱ्याला मैल-दोन मैलांचा वळसा बसतो. उसाची गाडी बाहेर काढायची असेल तर हा वळसा केवळ गैरसोयीचा राहत नाही. अशा प्रसंगी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडविला गेला असल्यास अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. अर्ज अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. ही मुदत अनेकांना ठाऊक नसते व ती तोंडी आश्वासनांत निघून जाते. म्हणून येथे मुद्दाम नमूद केली आहे.

पाण्याविषयीचे आक्षेप दोन प्रकारचे असतात. पहिला निचऱ्याचा. सपाटीकरणात लहान ओघळी बुजतात, गवताचे आच्छादन निघते आणि फलकांच्या कडेवरून पडणारे पाणी एका रेषेत वेगाने वाहू लागते. उताराच्या खालच्या बाजूच्या शेताचा बांध फुटण्याची भीती त्यातून येते. ती अनाठायी नाही, परंतु चर, दगडी बांध व गवताची लागवड यांनी तिचे निवारण होऊ शकते. दुसरा आक्षेप फलक धुण्याच्या पाण्याचा. एका मेगावॅटला साधारण दोन ते अडीच हजार फलक लागतात. प्रत्येकास दोन-तीन लिटर धरले तरी एका वेळच्या धुलाईस पाच ते सात हजार लिटर, म्हणजे लहानसा टँकर, पाणी जाते. मोठ्या पाणीसाठ्याजवळ ही रक्कम किरकोळ आहे. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या वाडीशेजारी ती डोळ्यांवर येते. कोरड्या ब्रशने सफाई करण्याची यंत्रे उपलब्ध आहेत, त्यामुळे ही अट करारातच घालण्याची मागणी रास्त म्हणावी लागेल.

उष्णतेविषयी गावोगावी बरीच चर्चा असते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या सौर प्रकल्पावरील हवा रात्रीच्या वेळी भोवतालच्या माळापेक्षा ३ ते ४ अंश सेल्सिअसने उबदार आढळली. मात्र अंतराबरोबर हा परिणाम झपाट्याने ओसरतो, असे अन्य निरीक्षणांतून दिसते. अगदी लगतच्या शेताने याचा विचार करावा; अर्ध्या कोसावरच्या गावाने घाबरू नये. फलकांमुळे पाऊस पळतो किंवा त्यांच्यातून घातक किरण बाहेर पडतात, या समजुतींना आधार नाही. इन्व्हर्टरची घरघर दिवसाच असते व कुंपणाबाहेर फारशी पोहोचत नाही.

ऊसपट्ट्यालगत एक निराळी शंका ऐकू येते. पाचट पेटविल्यावर ठिणगी उडून प्रकल्पाचे नुकसान झाले, तर भरपाई शेजाऱ्याच्या माथी येईल काय? पाचट जाळू नये हे खरेच. तरी कुंपणाच्या आत अग्निरोधक पट्टा राखणे ही मूलतः प्रकल्पधारकाची जबाबदारी मानली पाहिजे. रोजगाराच्या आश्वासनाबद्दल थोडक्यात इतकेच की उभारणीच्या काही महिन्यांनंतर राखणदार, गवत काढणारे मजूर व एखादा तंत्रज्ञ यांपलीकडे काम उरत नाही.

कायदा व मोबदला

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करून त्या गावाला परत देण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. त्यानुसार महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ च्या निर्णयाने गायरानाच्या वाटपावर निर्बंध घातले. पुढे महसूल संहितेत कलम २२-अ समाविष्ट झाले. गायरानाचा अन्य उपयोग करण्यास ते मनाई करते; मात्र दुसरी योग्य शासकीय जमीन उपलब्ध नसल्यास सार्वजनिक प्रयोजनासाठी अपवाद ठेवते. वादाची फट येथेच आहे. शेतकऱ्यांना दिवसा वीज देणे हे सार्वजनिक प्रयोजन आहे, असे शासन म्हणते. प्रकल्प खासगी विकासक बांधतो व वीज विकून उत्पन्न मिळवितो, मग प्रयोजन सार्वजनिक कसे, असे हरकतदार विचारतात. दोन्ही विधाने खरी असल्याने वाद मिटत नाही.

पर्यावरणाच्या बाजूने दाद मागण्याचा मार्ग अरुंद आहे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार सौर फोटोव्होल्टाइक प्रकल्पांना पूर्वपरवानगी लागत नाही आणि प्रदूषण मंडळाच्या वर्गीकरणात ते ‘पांढऱ्या’ गटात मोडतात. परिणामी धरण किंवा औष्णिक केंद्रापूर्वी होते तशी जनसुनावणी येथे होत नाही. ग्रामसभा हेच शेजाऱ्यांचे एकमेव व्यासपीठ उरते.

मोबदल्याची तुलना बोलकी आहे. खासगी जमीन भाडेपट्ट्याने घेतल्यास मालकास हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये किंवा जमिनीच्या शासकीय मूल्याच्या ६ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती मिळते व तीत दरवर्षी ३ टक्के वाढ होते. शासकीय जमीन नाममात्र १ रुपया भाड्याने दिली जाते. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो तिला वर्षाला ५ लाख रुपये याप्रमाणे तीन वर्षे अनुदान आहे. दहा हेक्टर खासगी जमिनीच्या मालकाला तीस वर्षांत पाच कोटींहून अधिक भाडे मिळेल. तेवढेच गायरान गेले तर गावाला एकूण १५ लाख आणि मेंढपाळाला काहीच नाही. दिवसाच्या विजेचा लाभ वाहिनीवरील सर्व पंपधारकांना होतो, हे शासनाचे उत्तर योग्य आहे, पण ज्याला विहीर नाही त्याला पंपही नसतो.

विखरण प्रकरण

सौर प्रकल्पांच्या जमिनीची चर्चा धुळे जिल्ह्यातील विखरण (ता. शिंदखेडा) येथील घटनेच्या उल्लेखाशिवाय पुरी होत नाही. तेथे प्रश्न गायरानाचा नव्हता, संपादनाचा होता. औष्णिक वीजकेंद्रासाठी घेतलेल्या आणि नंतर सौर प्रकल्पाकडे वळविलेल्या जमिनीत धर्मा पाटील या ८४ वर्षांच्या शेतकऱ्याची आंब्याची बाग गेली. सुमारे पाच एकरांना चार लाखांच्या आसपास मोबदला मिळाला. लगतच्या जमिनीला त्याहून कितीतरी अधिक दिला गेल्याची त्यांची तक्रार होती. दाद न लागल्याने त्यांनी २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारी रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर फेरमूल्यांकन होऊन वाढीव रक्कम मंजूर झाली. नव्या योजनेत सक्तीच्या संपादनाऐवजी भाडेपट्ट्यावर भर आहे. तथापि ‘सौर’ या शब्दाकडे ग्रामीण महाराष्ट्र आजही काहीशा संशयाने पाहतो, त्यामागे विखरणची आठवण आहे.

इतरत्रचे अनुभव व पर्याय

शेजारच्या कर्नाटकात तुमकुरू जिल्ह्यातील पावगडा येथे सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान उभे आहे. तेथे जमीन विकत न घेता एकरी वार्षिक २१,००० रुपये भाड्याने घेण्यात आली. कोरडवाहू जमीनमालकांना निश्चित उत्पन्न मिळाले. शेतमजूर व मेंढपाळ यांची कामे आणि कुरणे मात्र गेली. राजस्थानात ‘ओरण’ या देवराईसदृश सामाईक कुरणांवरून असाच वाद आहे.

कुंपणाच्या आत मेंढ्या चारण्याची पद्धत युरोप-अमेरिकेत रुळली आहे. फलकांखालचे गवत काढण्याचा खर्च वाचतो आणि जनावरांना सावली मिळते. फलकांची खालची कड पुरेशी उंच ठेवली व तारा बंदिस्त नळीतून नेल्या, तर हे आपल्याकडेही शक्य आहे. शेळ्यांचे मात्र जमत नाही. त्या फलकांवर चढतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या आवारात फलकांच्या ओळींमध्ये पिके घेण्याचे प्रयोग झाले आहेत. कालव्यांवर, धरणांच्या जलाशयावर, साखर कारखान्यांच्या छपरांवर फलक बसविण्याचे पर्यायही सुचविले जातात. ते जमिनीवरील प्रकल्पापेक्षा महाग पडतात.

भाडेपट्ट्याच्या शेवटी काय, हा मुद्दा अद्याप फारसा चर्चेत नाही. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ मध्ये सौर फलकांचा समावेश झाला असून ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. फलकांच्या विल्हेवाटीचा भार उत्पादकांवर आहे. जमिनीतील लोखंडी खांब व काँक्रीट काढून गायरान पुन्हा चराईयोग्य करून देण्याचा खर्च कोणी सोसायचा, हे मात्र त्या-त्या करारावर अवलंबून राहते. काही ग्रामसभांच्या ठरावांत त्यासाठी आगाऊ अनामत ठेवण्याची अट आता दिसू लागली आहे.